रिंग फिरवली, स्प्रिंग तीच

भाच्याचा ट्रक उडी मारून आला आणि तिसऱ्यांदा पोट जमिनीवर आपटलं. त्याने शॉक-अ‍ॅब्सॉर्बरवरची प्लॅस्टिकची रिंग चार आटे खाली फिरवली आणि म्हणाला, "मामा, आता स्प्रिंग कडक झाली." ट्रक उंच दिसू लागला, हे खरं. पुढच्या उडीत पोट पुन्हा आपटलं.

रिमोटचा, खऱ्याच्या एक दशांश मापाचा हा ट्रक. २००८ मध्ये टेक्ससच्या ट्रॅक्सस कंपनीने 'स्लॅश' आणला आणि शर्यतीतल्या पिकअपच्या तोंडवळ्याचे असे ट्रक हौशी लोकांत रुळले. भाच्याचा त्याच धाटणीचा, वजन २.४ किलो.

बहिणीचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला. स्प्रिंग काढून त्यावर उभी केली, शेजारी पट्टी धरली आणि वरून १० मिलिमीटर दाबली. काटा ६०० ग्रॅमवर. म्हणजे मिलिमीटरला ६०. आधीच ५ मिलिमीटर दाबून मग पुढे मोजलं, तरी मिलिमीटरला ६०च. रॉबर्ट हुकने १६७८ मध्ये छापलेला नियम तो हाच. रिंगने फक्त ट्रक उंच होतो. फार फिरवली तर चाकाला खाली उतरायला जागाच उरत नाही आणि ते खड्ड्यावरून अधांतरी जातं.

कडकपणा ठरतो तो तारेवर. तार दहा टक्के जाड घेतली की स्प्रिंग ४६ टक्के कडक, कारण जाडीचा चौथा घात लागतो. वेढे कमी केले तरी कडक; म्हणून "मऊ करायला" स्प्रिंग कापणारे फसतात. रंगावर तर मुळीच जाऊ नका. एका कंपनीची लाल मऊ, तर दुसरीची कडक असू शकते.

आता गंमत. शॉक चाकापाशी नसतो, चाक धरणाऱ्या दांड्यावर, म्हणजे आर्मवर, अलीकडे असतो. आमच्याकडे आर्मच्या लांबीच्या साधारण ०.७ अंतरावर. ही तरफ दोनदा लागते, एकदा बळाला आणि एकदा हालचालीला. म्हणून ६० चे चाकाशी उरतात जेमतेम ३०. चाकावर ६०० ग्रॅम वजन, म्हणजे ट्रक २० मिलिमीटर बसतो आणि सेकंदाला साडेतीन वेळा हिंदकळतो. खरी मोटार एक-दीड वेळा. ट्रक दहापट लहान केला, गुरुत्वाकर्षण कोण लहान करणार? छोटा ट्रक व्हिडिओत खेळण्यासारखा थडथडताना दिसतो, तो यामुळेच.

उडीचा हिशेब आणखी कठोर. एक मीटरवरून पडलं की वेग सेकंदाला ४.४ मीटर, मग ट्रक खरा असो की छोटा. खऱ्याला तो वेग जिरवायला हातभर जागा, याला पाच-सहा सेंटिमीटर. एकट्या स्प्रिंगने हे निभत नाही. ती ऊर्जा साठवते आणि परत फेकते. ऊर्जा खातं ते शॉकमधलं सिलिकॉन तेल. माझं मत विचाराल तर आधी तेल दाट करावं, तरीही पोट लागलं तरच एक पायरी कडक स्प्रिंग. खडबडीत मैदानावर मऊ ट्रकच जमीन धरून चालतो.

रिंग सैल केली, आर्म जमिनीला समांतर आले. पुढच्या शॉकमधलं तेल बदललं आणि पोट वाचलं. आता उडीनंतर शेपटी उसळते. मागच्या स्प्रिंगा अजून काट्यावर चढायच्या आहेत.