टाइपरायटरची टकटक आणि शिशाचे खिळे

तालुक्याच्या गावी कचेरीसमोर झाडाखाली टंकलेखक बसलेला असे. बांधाचा तंटा असो की कर्जाचा अर्ज, त्याच्या टाइपरायटरवर उतरल्याशिवाय कागद साहेबांपुढे जात नसे. ही टकटक आता जवळजवळ थांबली आहे.

आपल्या देशात बनलेला पहिला टाइपरायटर गोदरेज कंपनीने १९५५ साली मुंबईत तयार केला. पुढे सातारा जिल्ह्यातल्या शिरवळलाही ही यंत्रे बनत. २००९ साली ते उत्पादन बंद झाले. मराठी टंकलेखन सोपे नव्हते. आपली अक्षरे पुष्कळ आणि कळा मोजक्या. म्हणून काही अक्षरे लिहायची तर आधी अर्धे अक्षर उमटवायचे, मग काना देऊन ते पुरे करायचे. एक कळ चुकली की कार्बनखालच्या साऱ्या प्रती बिघडत. तरीही खेड्यातली कितीतरी मुले-मुली टायपिंगची परीक्षा देऊन नोकरीला लागली.

मराठी वर्तमानपत्राच्या कचेरीत मात्र लेखणीचेच राज्य होते. टेलिप्रिंटरवर इंग्रजी बातम्या खडखडत उतरत आणि उपसंपादक त्या हाताने मराठीत लिहून काढीत. गावोगावचे वार्ताहर पोस्टाने मजकूर धाडीत. फारच निकड असली तर तार करीत. तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे फापटपसाऱ्याला जागाच नसे. ती तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

लिहिलेला मजकूर जुळाऱ्याकडे जाई. त्याच्यापुढे लाकडी खणांत शिशाचे खिळे असत. प्रत्येक खिळ्यावरचे अक्षर उलटे. ते एकेक उचलून तो ओळ जुळवी. छपाई झाली की तेच खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. तासन् तास उभे राहायचे, डोळे ताणायचे आणि विषारी शिसे हाताळायचे, असे ते काम होते. पुढे छपाईची नवी यंत्रे आणि संगणक आले. हातांचा त्रास वाचला खरा. पण अनेक जुळाऱ्यांची उभ्या आयुष्याची विद्या त्यामुळे निकामी ठरली. वाचकांना संपादकाचे नाव ठाऊक असे, जुळाऱ्याचे क्वचितच.

वर्तमानपत्र हे शहराचेच काम, असेही समजू नये. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ सुरू केले. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून ते पुढे अनेक वर्षे निघत राहिले. शेतकऱ्यांची गाऱ्हाणी मांडण्याचे हे काम मुकुंदरावांनी १९६७ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरीपर्यंत केले.

तेव्हा आपल्या माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे अंक असतील, तर ते रद्दीत घालू नका. वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून कोरड्या पेटीत ठेवा. आणि गावात कोणी जुना जुळारी किंवा टंकलेखक असेल, तर मुलांना त्याच्याकडे अवश्य घेऊन जा. एक ओळ जुळवायला किती वेळ लागतो, हे तो सांगेल.