मधासाठी विजेवर तापणारी टाकी

सूर्यफूल व मोहरी यांचा मध लवकर रवाळ होतो. १४ अंश सेल्सिअसच्या सुमारास ही क्रिया विशेष जलद घडत असल्याने हिवाळ्यात साठविलेला मध थिजून बसतो. वस्तुतः हे ग्लुकोजचे स्फटिक होत. गिऱ्हाईक मात्र साखरेच्या भेसळीचा संशय घेते.

असा मध पातळ राखण्यास अन्नयोग्य पॉलिथीनची, फेसाचे उष्णतारोधक आवरण असलेली व विजेवर तापणारी टाकी सोयीची पडते. आवरणामुळे ऊब टिकते आणि वीज कमी लागते. तथापि प्लॅस्टिक व मध हे दोन्ही उष्णतेचे मंदवाहक आहेत. घाईने उष्णतामान वाढविल्यास भिंतीलगतचा मध काळवंडतो आणि मधला गोळा तसाच राहतो! यास्तव थर्मोस्टॅट ४० अंशांपुढे नेऊ नये व मध अधूनमधून ढवळावा. दोन दिवस लागले तरी हरकत नाही. अतितापाने मधातील विकरे नष्ट होतात व एचएमएफ हे द्रव्य वाढते. कोडेक्स मानकानुसार त्याची मर्यादा किलोस ४० मिलिग्रॅम, उष्ण प्रदेशातील मधास ८० मिलिग्रॅम आहे.

टाकीचे झाकण घट्ट असावे, कारण हवेतील ओलावा शोषल्यास मध आंबतो. रिकामी टाकी तापवू नये, प्लॅस्टिक वाकते. वीजजोडणीस अर्थिंग अवश्य करून घ्यावे.