२१४७४८३६४७ (संख्या)

२१४७४८३६४७ ही २१४७४८३६४६ नंतरची आणि २१४७४८३६४८ पूर्वीची नैसर्गिक संख्या असून ती मूळ संख्या आहे. भारतीय पद्धतीने ती २,१४,७४,८३,६४७ अशी लिहितात व ‘दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लक्ष त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस’ अशी वाचतात. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यास ही संख्या मिळते.

गणिती गुणधर्म

• २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्येस मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ३, ७, ३१, १२७, ८१९१, १३१०७१ व ५२४२८७ यांच्यानंतरची ही आठवी होय.
• घातांक ३१ हाही मर्सेन मूळ संख्याच असल्याने हिला दुहेरी मर्सेन मूळ संख्या म्हणतात. अशा केवळ चार संख्या ज्ञात आहेत. त्यांत हिचा क्रमांक तिसरा आहे.
• हिला २ च्या ३० व्या घाताने गुणल्यास २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते, ती परिपूर्ण संख्या.
• द्विमान पद्धतीत ही संख्या सलग ३१ वेळा १ लिहून दर्शवितात.

इतिहास

फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये दिलेल्या घातांकांच्या यादीत ३१ होता. मात्र त्या यादीतील ६७ व २५७ हे घातांक पुढे चुकीचे ठरले. त्यामुळे स्वतंत्र सिद्धतेची गरज होती. ती लिओनार्ड ऑयलर यांनी दिली व १७७२ मध्ये बेर्नुली यांना पत्राने कळविली. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागता बाकी १ किंवा ६३ उरली पाहिजे. संख्येचे वर्गमूळ ४६,३४१ हून किंचित कमी आहे. त्या मर्यादेत अशा संख्या (१ वगळता) अवघ्या ३७३ आहेत. त्यांपैकी एकीनेही निःशेष भाग जात नाही. म्हणून ही संख्या मूळ ठरते.

पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये असे मत मांडले, की वरील परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या कधीही सापडणार नाही, कारण अशा संख्या केवळ कुतूहलाचा विषय असून निरुपयोगी आहेत. १८७६ मध्ये एद्वार लुका यांनी २ चा १२७ वा घात उणे १ ही संख्या मूळ असल्याचे दाखविले आणि हे भाकीत खोटे ठरले.

संगणकातील महत्त्व

चिन्हासह पूर्णांक ३२ बिटांत साठविताना एक बिट चिन्हासाठी लागतो. म्हणून अशा प्रकारे साठविता येणारी ही सर्वांत मोठी संख्या होय. तीत १ मिळविल्यास अनेक प्रणालींत उत्तर −२१४७४८३६४८ असे येते. २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाईल’ या गीताची दर्शकसंख्या या मर्यादेला पोहोचणार असल्यामुळे यूट्यूबने आपला गणक ६४ बिटांचा केला.

युनिक्स प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. ३२ बिटांच्या प्रणालींत ही मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, या संख्येवर पोहोचेल. पुढच्याच सेकंदाला असे संगणक डिसेंबर १९०१ मधील दिनांक दाखवू शकतील. यास ‘२०३८ ची समस्या’ म्हणतात. वेळ ६४ बिटांत साठविणे हा तिच्यावरील मुख्य उपाय आहे.