बटाट्याच्या पानांवरील लव

‘बटाटा’ हा शब्द आपणांस पोर्तुगीजांकडून मिळाला. पीक मात्र दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताकडचे. तेथील रानटी बटाटे कडू असतात. हा कडवटपणा म्हणजे कीटकांविरुद्धचे विषच होय. मानवाने पिढ्यान्‌पिढ्या गोड कंद निवडले आणि नकळत झाडाचे शस्त्र काढून घेतले.

त्याचे मोल अमेरिकन शेतकऱ्यांना द्यावे लागले. रानझुडपांवर जगणारा कोलोरॅडो भुंगेरा १८५९ च्या सुमारास बटाट्यावर उतरला व १८७४ पर्यंत अटलांटिक किनाऱ्याला भिडला. पुढे डीडीटी आले. परंतु १९५२ साली लाँग आयलंड येथे त्यालाही न जुमानणारे भुंगेरे आढळले. औषध बदलावे, तो कीटकही बदलतो.

मग झाडाला त्याचे शस्त्र परत देता येईल काय? बोलिव्हियातील ‘सोलॅनम बर्थॉल्टिआय’ या रानटी बटाट्याच्या पानांवर दोन प्रकारची लव असते. लांब लवेच्या टोकाशी चिकट थेंब असतो; त्यात माव्यासारखा बारीक कीटक अडखळतो. त्याच्या धडपडीने आखूड लवेच्या टोकावरील पिशवी फुटते. आतील रसाला हवा लागताच तो तपकिरी होऊन घट्ट बसतो. चिरलेला बटाटा काळा पडतो, तीच ही क्रिया! पाय व तोंड जखडल्याने मावा उपाशी मरतो. भुंगेऱ्यालाही असे पान रुचत नाही.

कॉर्नेल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी या रानटी जातीचा लागवडीच्या बटाट्याशी संकर केला. परंतु लवेबरोबर उशिरा पक्व होणे, कमी उत्पन्न देणे हे रानटी दोषही आले. ते दूर करण्यासाठी पुनःपुन्हा संकर व निवड करावी लागली. ‘किंग हॅरी’ हे लवयुक्त पानांचे वाण या परिश्रमांचे फळ होय.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा कडवटपणाच का परत आणू नये? याचे उत्तर ‘लेनापे’ या वाणाने दिले. तळलेल्या कापांसाठी उत्तम म्हणून ते १९६७ साली प्रसृत झाले. पण त्याच्या रानटी पूर्वजाचे विष कंदात प्रमाणाबाहेर उतरल्याचे आढळून १९७० साली ते मागे घ्यावे लागले. लव पानावरच राहते. विष मात्र ताटात येऊ शकते.

म्हणून नव्या वाणाची परीक्षा शेतात आणि स्वयंपाकघरात अशी दोन्हीकडे झाली पाहिजे. उन्हात हिरवा पडलेला बटाटा गृहिणी बाजूला काढते, ती याच विषापासून घरच्यांना वाचविते.