गेटला तीन आठवडे उरलेत? नवीन काही नको, आधी गळती थांबवा

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, किंवा जे अभ्यासिकेत इअरफोन विसरून बसलेत, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे" आणि "अं..." काढून टाकलेत.

परवा मानवतहून एका ऐकणारीचा मेसेज आला. "दादा, गेटला तीन आठवडे राहिले. कंपायलर आणि डिजिटल लॉजिकला हातच लावला नाही. आता सुरू करू का? घरी सांगून ठेवलंय, एमटेक लागलं तर ठीक, नाहीतर मार्चपासून मिळेल ती नोकरी."

मेसेज वाचला आणि मला २०२० चा जानेवारी आठवला. कारण हाच प्रश्न मलाही पडला होता, आणि मी चुकीचं उत्तर निवडलं होतं.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेट ही एमटेकच्या प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा. बंगळुरूची आयआयएससी आणि सात आयआयटी ती आळीपाळीने घेतात, फेब्रुवारीत. स्कोअर तीन वर्षं चालतो. काही सरकारी कंपन्याही त्यावर नोकरी देतात. आणि गेट पास होऊन सरकारी संस्थेत एमटेकला लागलं तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. आमच्या पाथरीत कापूस आणि उसाच्या पैशावर घराचं वर्ष निघतं. तिथे "पोरगं शिकायला पैसे मागत नाही, उलट शिकायचे पैसे घेतंय" ही लहान गोष्ट नाही.

अर्थात हे समजावून सांगणं वेगळंच काम. अभ्यासिकेत माझ्या आजूबाजूला सगळी पोलीस भरती आणि एमपीएससीवाली पोरं. शेजारच्या काकूंना सांगितलं, गेटचा अभ्यास करतोय, तर म्हणाल्या, "कसलं गेट बसवायलास रे बाबू, बंगल्याला?"

२०२० मध्ये काय झालं

तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो, होस्टेलवर. तीन आठवडे उरले असताना कंपायलर डिझाइन आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन शून्यापासून सुरू केलं. दीडपट वेगाने व्हिडिओ बघायचो. वही भरत होती, मनाला बरं वाटत होतं. मॉक टेस्ट दोनच दिल्या, त्यांचंही उत्तर कुठे चुकलं ते बघितलं नाही. मार्क कमी दिसले की विंडो बंद.

निकाल आला. त्या वर्षी सीएसचा ओपनचा कटऑफ २८.५ होता. मला २६.३३.

मग मी एक काम केलं जे परीक्षेआधी करायला हवं होतं. गेटमध्ये तुमची उत्तरं आणि उत्तरसूची दोन्ही ऑनलाइन मिळतात. ती शेजारी ठेवून बसलो. एमसीक्यूमध्ये १९ उत्तरं चुकली होती. त्यातली सहा मला येत असलेल्या विषयातली! कुठे प्रश्नातला "नाही" वाचलाच नव्हता, कुठे बेरजेत चूक, कुठे बाइट आणि बिटमध्ये गोंधळ.

आता हिशोब बघा. दोन मार्कांचा एमसीक्यू चुकला की येणारे २ जातात आणि वर ०.६७ कापले जातात, म्हणजे २.६७ चा फटका. एक मार्काचा चुकला की १.३३ चा. माझे चार दोन मार्कांचे, दोन एक मार्काचे. एकूण १३.३३ मार्क. तेवढे सांडले नसते तर २६.३३ चे जवळपास ४० झाले असते. ज्या कंपायलरच्या मागे मी रात्री जागवल्या, त्याचा वाटा पेपरात फार तर पाच-सहा मार्कांचा. तेही सगळे आले असते तर.

रिलीजच्या आधी नवीन फीचर नाही

नोकरीला लागल्यावर एक पद्धत बघितली. सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जायच्या दोन-तीन आठवडे आधी टीम "फ्रीझ" जाहीर करते. म्हणजे नवीन काही जोडायचं नाही, फक्त बग शोधायचे आणि काढायचे. कारण शेवटच्या क्षणी जोडलेलं फीचर स्वतः नीट चालत नाही, आणि चालत असलेलंही बिघडवतं.

शेवटच्या तीन आठवड्यांचा अभ्यास डिट्टो हाच आहे. नवीन विषयात अर्धवट ओळख होते आणि परीक्षेत ती जास्त धोकादायक, कारण पर्याय ओळखीचा वाटतो आणि आपण क्लिक करतो.

चुकांची वही

दुसऱ्यांदा मी २०२१ ला बसलो. लॉकडाऊनमुळे पाथरीतच होतो. तेव्हा एकच साधी दोनशे पानी वही केली. मॉकमध्ये जो प्रश्न चुकला तो त्यात, आणि समोर चारपैकी एक कारण:

१. येतच नव्हतं.
२. येत होतं, आकडेमोड चुकली.
३. प्रश्न नीट वाचला नाही.
४. वेळ नव्हता म्हणून ठोकून दिलं.

आठवडाभरात कळलं की माझ्या निम्म्याच्या वर चुका दोन आणि तीन नंबरच्या आहेत. हे कुठलाही क्लास सांगू शकत नाही, कारण प्रत्येकाची गळती वेगळी. माझा इलाज साधा होता. प्रश्नातला "नाही", "फक्त", "कमीत कमी" हा शब्द रफ कागदावर लिहायचा, मग सोडवायला घ्यायचं. आणि उत्तर आलं की एकक तपासायचं. पाच सेकंद लागतात.

२१ दिवस कसे वाटायचे

पहिले दोन आठवडे: एक दिवस पूर्ण तीन तासांची मॉक, दुसऱ्या दिवशी फक्त तिची चिरफाड आणि चुकलेल्या टॉपिकची उजळणी. मॉक तुमच्या सेशनच्या वेळीच द्या. सकाळचा पेपर असेल आणि तुम्ही रात्री अकराला मॉक देत असाल, तर डोक्याला चुकीच्या वेळेची सवय लावताय. जुने पेपर फुकट मिळतात, तेच आधी वापरा. लाइट जाते, नेट जातं, म्हणून पीडीएफ मोबाईलमध्ये उतरवून ठेवा.

तिसरा आठवडा: फार तर दोन मॉक. बाकी वेळ चुकांची वही, सूत्रं, आणि दोन हक्काचे विषय. जनरल ॲप्टिट्यूडचे १५ मार्क सगळ्या पेपरांना असतात, आणि सीएसला इंजिनिअरिंग मॅथ्सचे साधारण १३. म्हणजे २८ मार्क. लोक शेवटी नेमकं हेच सोडून देतात.

ठोकायचं की सोडायचं?

६५ प्रश्न, १०० मार्क, १८० मिनिटं. एमसीक्यूला निगेटिव्ह आहे. २०२१ पासून आलेल्या एमएसक्यूला, म्हणजे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात त्यांना, निगेटिव्ह नाही. पण अर्धे मार्कही नाहीत, सगळे बरोबर पर्याय निवडले तरच मार्क. आकडा भरायच्या प्रश्नालाही निगेटिव्ह नाही. म्हणून हे दोन प्रकार कधीच रिकामे सोडू नका.

एमसीक्यूचं गणित असं. एक मार्काच्या प्रश्नात डोळे मिटून ठोकलं तर सरासरी फायदा बरोब्बर शून्य. चारात एकदा १ मिळतो, तीनदा ०.३३ जातात. फायदाही नाही, तोटाही नाही, वेळ मात्र गेला. एक पर्याय खात्रीने काढता आला तर सरासरी ०.११ चा फायदा. दोन काढता आले तर ०.३३. दोन मार्कांच्या प्रश्नाला हेच दुप्पट. माझा नियम: दोन पर्याय बाद झाले तर उत्तर द्यायचं, नाहीतर पुढे. "खात्रीने बाद" म्हणजे कारण सांगता आलं पाहिजे. "हे काही वाटत नाही" याला कारण म्हणत नाहीत.

स्क्रीनची सवय

स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. स्क्रीनवरचा, माउसने चालवायचा असतो. तो पहिल्यांदा परीक्षेतच वापरला तर वैताग येतो, म्हणून घरी मॉकला तोच वापरा. आकड्याचं उत्तरही स्क्रीनवरच्या कीपॅडने भरायचं. लॅपटॉप नसेल तर मित्राचा दोन दिवस मागा किंवा नेट कॅफेत बसा, पण निदान दोन मॉक मोठ्या स्क्रीनवर द्याच. मोबाईलवर सराव आणि कॉम्प्युटरवर परीक्षा, यात वेग मार खातो.

शेवटचे दोन दिवस

पाथरीसारख्या गावातल्यांना सेंटर गाठणं हाच एक पेपर असतो. माझं सेंटर औरंगाबादला होतं, आताचं छत्रपती संभाजीनगर. एसटीने चार तासांच्या आसपास. पहाटेच्या गाडीवर विसंबू नका, आदल्या दिवशी दुपारीच पोचा. मी मावशीकडे उतरलो आणि संध्याकाळी सेंटरचं दार बघून आलो. प्रवेशपत्राची प्रिंट आणि ओळखपत्र मूळ, झेरॉक्स नाही. मोबाईल, घड्याळ, पाकीट आत नेता येत नाही. एकटे जाणार असाल तर ते कुठे ठेवायचं ते आधीच ठरवा.

हुरड्याच्या आणि लग्नाच्या आमंत्रणांना या तीन आठवड्यांत नाही म्हणा. पाहुणे रुसतात, मार्चमध्ये मानतात.

तर, मानवतच्या ताई...

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कंपायलर सोडून दे. डिजिटल लॉजिकमधले के-मॅप आणि नंबर सिस्टिम दोन दिवसांत होतात. पहिल्या आठवड्यात होत असतील तर कर, नाहीतर तेही सोड. बाकी सगळा वेळ जे येतं ते सांडू नये यासाठी.

२०२१ मध्ये मला ४७ मार्क पडले. टॉपर नाही. एमटेकची जागा मिळत होती, पण त्याच सुमारास नोकरीही लागली आणि घरावर कर्ज होतं, म्हणून नोकरी धरली. कधीकधी वाटतं, जायला हवं होतं. पण तो निर्णय मी घेतला. २०२० मध्ये निर्णय घ्यायची वेळच आली नाही, कारण तेरा मार्क मी स्वतःच्या हाताने सांडले होते.

तुझ्यापुढे मार्चमध्ये दोन्ही रस्ते उघडे असावेत, एवढंच. वही आजच घे. पहिली मॉक उद्या.

पुढच्या भागात भेटू. आणि हो, परीक्षा झाली की मेसेज कर.