पेशंटलाच नको असतं?

‘त्यालाच वजन कमी करायचं नाही, आपण सांगून काय उपयोग?’ ही तक्रार डॉक्टर मंडळींत किती खोल रुजली आहे, त्याचा आकडा २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲक्शन-आयओ’ पाहणीतून पुढे आला. ब्रिटन, जपान, मेक्सिको, सौदी अरेबिया धरून ११ देशांतल्या १४,५०२ लठ्ठ व्यक्ती आणि २,७८५ डॉक्टर व इतर आरोग्यसेवकांना प्रश्न विचारले होते. रुग्णांना वजन घटवण्यात रस नाही, असं ७१ टक्के आरोग्यसेवकांचं मत पडलं. खुद्द रुग्णांमध्ये तसं म्हणणारे निघाले अवघे ७ टक्के!

भारत या पाहणीत नव्हता. तिचा खर्च वजन घटवण्याची औषधं विकणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने केला होता, हेही ध्यानात ठेवलेलं बरं. पण एवढी तफावत नुसती जाहिरातबाजी म्हणून उडवून लावता येत नाही.

मग रुग्ण बोलत का नाहीत? त्यांतल्या ८१ टक्के जणांना वजन उतरवणं ही सर्वस्वी आपलीच जबाबदारी वाटते. जिभेवर ताबा मला नाही, त्यात डॉक्टरांना काय सांगायचं? या संकोचात वजनाशी झगडा सुरू झाल्यापासून दवाखान्यात त्याविषयी पहिल्यांदा बोलणं होईपर्यंत सरासरी ६ वर्षं निघून जातात. डॉक्टरांनीच विषय काढावा, असं ६८ टक्के रुग्णांना वाटतं. तो काढल्यावर दुखावले गेले फक्त ३ टक्के.

जिभेला दोष देण्यापूर्वी मेलबर्नचा एक प्रयोग पाहायला हवा. २०११ साली तो प्रसिद्ध झाला. ५० जणांना १० आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार दिला, वजनं झपाट्याने उतरली. वर्षभरानंतर रक्त तपासलं, तर पोट भरल्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन अजूनही खालीच होतं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन चढलेलं. भूकही आधीपेक्षा जास्त लागत होती. थोडक्यात, शरीर गेलेलं वजन परत मागत होतं.

‘भात कमी करा, चालायला लागा,’ एवढं सांगून पुढच्या नंबरला हाक मारली जाते, तेव्हा यातलं अक्षरही पेशंटच्या कानावर पडलेलं नसतं. काही महिन्यांनी काटा पुन्हा वर जातो. डॉक्टर म्हणतात, याने मनावर घेतलं नाही. आणि पेशंटचंही तेच म्हणणं असतं.