कान्हेरीचे थेर आणि आपण

बोरिवलीजवळील कान्हेरीचीं लेणीं पाहावयास आपल्या उपनगरांतून पुष्कळ मंडळी जातात. परंतु तेथील ८७ क्रमांकाचें स्थान निव्वळ सहलीचें नव्हे. तेथें विटांच्या अनेक स्तूपांचे अवशेष आहेत. दिवंगत भिक्षूंच्या स्मरणार्थ ते बांधिले गेले. तेथील शिलालेखांत कित्येक थेरांचीं, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंचीं, नांवें आढळतात. अशा ठिकाणीं विटांवर चढून हंसत सेल्फी काढणें, किंवा भिंतीवर आपलें नांव कोरणें, हें स्मशानांत खेळ मांडण्यासारखेंच होय.

संरक्षित स्मारकास इजा करणाऱ्यास १९५८ च्या कायद्याप्रमाणें शिक्षा होते. २०१० च्या दुरुस्तीनें ती दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी झाली आहे. परंतु केवळ भयानें पाळिलेला आदर तो आदर कसला? थेरांचीं नांवें त्यांनीं स्वतः कोरलीं नाहींत. मागें राहिलेल्यांनीं तीं भक्तिभावानें कोरविलीं. स्वतःचें नांव स्वतःच दगडावर खरडून कोणी थोर होत नाहीं.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, तेथें गेल्यावर विटांस पाय लावूं नका, हळू बोला, आणि छायाचित्र घ्यावयाचेंच तर आपलें न घेतां त्या स्तूपांचें घ्या.